तुला हवी होती ती कॅसेट

सुवर्णा,

महिनाभर रोज संध्याकाळी तुझे दाजी कामावरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की मोबाइल घेऊन दारात बसत होते. मोबाइलवर गेमच्या दोन कॅसेटींचे फोटो. एकदा हा मोठा करून बघायचे, एकदा तो. मी आत काज-बटणाला बसलेली. गणवेशांचे शर्ट माझ्या पुढ्यात, त्यांची पाठ माझ्याकडं. तुला त्यातली कुठली हवी होती हे त्यांना आठवत नव्हतं. तू गेल्यावर ते जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी महिनाभर बोलले नाही.

मी कधी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. लिहिण्याची सवय नाही, अक्षर अजून चौथीतलंच आहे. पण तुझ्यासमोर मला बोलता येत नसे. तू लई पटापट बोलायचीस. माझं वाक्य सुरू होईपर्यंत तुझं संपलेलं असायचं. आता तू मध्ये बोलणार नाहीस, म्हणून लिहिते.

तू झालीस तेव्हा मी चौथीत होते. आई मंद्रूपला दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, तुला कुणी बघायचं म्हणून मला पाचवीला घातलं नाही. तुला कडेवर घेऊन मी शाळेच्या कुंपणाशी उभी राहायची. आत पाढे चालायचे. पुढचे पाढे मी कुंपणाबाहेरूनच शिकले. मग तू मोठी झालीस आणि त्याच शाळेत आत जाऊन बसलीस. दप्तर मी शिवलं होतं. तू कॉलेजला गेलीस, कॉम्प्युटर शिकलीस, शहरात सात रस्त्याला डॉक्टरांच्या ऑफिसात नोकरीला लागलीस. सगळे म्हणायचे, अक्कानं बहिणीला शिकवलं. मला बरं वाटायचं. आणि तुझी पुस्तकं दिसली की मी तोंड फिरवायची. दोन्ही खरं आहे. तुझा राग नव्हता मला. राग आला तर माणूस भांडतं. मला फक्त तुझ्याकडं बघवत नव्हतं.

आणि तू तो गेम आणलास. तुझ्या ऑफिसातल्या बाईंच्या भावाचा जुना. हातात मावेल एवढा, जांभळा, पडद्यावर ओरखडे. चालू होत नव्हता. रविवारी तू कुंभारीला आमच्याकडं आलीस आणि दारातूनच म्हणालीस, "दाजी, तुमी एवढे माग दुरुस्त करता, एवढं खेळणं करून दाखवा की."

तुला हाक मारता यायची. मी एकोणीस वर्षं त्यांना "अहो" म्हणते, "ऐकलं का" म्हणते. नाव तर घेत नाहीच. तू चप्पल काढता काढता "दाजी" म्हणून घर दणाणून सोडायचीस आणि ते आतून "काय गं?" म्हणत बाहेर यायचे. माझ्या "ऐकलं का"ला ते फक्त मान वर करतात.

त्यांनी तो गेम उघडला. बारीक ब्रशनं पुसला, कुठली तरी पत्री सरळ केली, आणि पडद्यावर उजेड आला. तेव्हा ते जसे हसले तसं हसू आमच्या लग्नाच्या अल्बमातसुद्धा नाही. मी बघून ठेवलंय.

आतला खेळ शेतीचा होता. नांगरायचं, पाणी घालायचं, गाय बांधायची, घर वाढवत न्यायचं. तुझं लग्न दोन वर्षांत मोडलं, त्याच्यावर तू कधी एक शब्द बोलली नाहीस. पण त्या एवढ्याशा पडद्यावर तू घराला माडी चढवलीस आणि दारात झाड लावलंस. दर रविवारी ते दाजींना दाखवायचीस. ते म्हणायचे, "विहीर कुटं हाय? विहिरीबिगर कसलं रान?" आणि तू हसून लोटपोट. मी तुम्हा दोघांना कांदाभजी द्यायची. तू मला पडदा दाखवायचीस, दाखवत नव्हतीस असं मी म्हणणार नाही. पण मी म्हणायची, "माझे हात तेलाचे हायत." हात पुसता आले असते.

मग कळलं की आतल्या कॅसेटमध्ये घड्याळात असतो तसा छोटा गोल सेल असतो. आपण खेळलेलं त्याच्या जिवावर टिकतं, आणि तो संपत आलाय. बदलायला काढला तर सगळं पुसून जाणार. तुझं घर, झाड, गाय, सगळं. तू ऑफिसात विचारून आलीस. म्हणालीस, फ्लॅश कॅसेट नावाची वस्तू मिळते. मोबाइलमधल्यासारखं कार्ड तिच्यात बसतं, हवे तेवढे गेम त्यात ठेवता येतात, आणि सेल मरायच्या आत जुनं घरही त्या कार्डावर उतरवून घेता येतं. फक्त कुठली घ्यायची ते ठरवायचं.

ते ठरवण्यात तुमचे सगळे रविवार गेले. दाजींना काळी हवी होती, तुला आरपार दिसणारी, कोपऱ्यात लाल ठिपका असलेली. मला तुमचं भांडण अजून तोंडपाठ आहे.

"काळीतबी सेलच हाय, दाजी. दोन वर्षांनी परत तेच रडगाणं."

"मग मी हाय की. सोल्डर मारून नवा बसवतो. दोन मिन्टांचं काम."

"तुमी जन्मभर हितंच बसणार हाय काय?"

"कुटं जातोय मी?"

"आणि खेळून झालं की ती एकदा बंद करून परत चालू करायची. न्हाय केलं तर त्या दिवसाचं सगळं गेलं. माझ्यानं न्हाय व्हायचं ते. मी बंद केलं की बंद. उद्या उघडलं की जितं होते तितंच मी पायजे."

"यंत्राला जरा सांभाळून घ्यायला लागतंय गं."

"का म्हणून? यंत्रानं मला सांभाळावं."

असं तासन्‌तास. तुम्ही दोघं कशासाठी भांडताय हे मला समजत नव्हतं असं तुम्हाला वाटायचं. मला सगळं समजत होतं. ज्याच्या पोटात जळतं त्याच्याइतकं नीट कुणी ऐकत नाही.

एकदा तू मला विचारलंस. "अक्का, तू सांग की. कुठली घेऊ?"

मी म्हणाले, "हजार गेम कशाला? एकच असलेली घ्या. दोघांना पुरेल अशी."

तुम्ही दोघं एकदम हसलात. वाईट हसला नाहीत. तू माझ्या गळ्यात हात टाकलास, "लई साधी हाय गं माझी अक्का" म्हणालीस. मी आत गेले आणि घासलेली भांडी परत घासली.

खंडेनवमीला ह्यांनी आपले पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर देवापुढं मांडले. मी माझी शिलाईची कात्री ठेवली. तू तुझा गेम काढून त्यांच्या पान्याशेजारी ठेवलास. मी सगळ्यांना विभूतीची बोटं ओढत गेले. पाना, पक्कड, कात्री. गेम तेवढा सोडला. माझ्या हातातल्या वाटीत बोट घालून तूच त्याला विभूती लावलीस आणि माझ्याकडं बघून हसलीस. तुला तेव्हाच कळलं होतं का? हे मला तुला विचारायचं होतं.

संक्रांतीनंतरचा तो रविवार. तुमचं परत तेच सुरू होतं, आणि दाजी वैतागून बोलून गेले, "तुमा शिकलेल्या लोकांना वस्तू दुरुस्त करायला नको. जरा बिघडलं की टाकून द्यायचं." ते कॅसेटबद्दलच बोलत होते. पण ते तुझ्या मोडलेल्या लग्नाला जाऊन लागलं. त्यांच्याही ते ध्यानात आलं. तू लवकर निघालीस आणि गेम टेबलावरच राहिला.

त्यांना वाटतं तुझं येणं त्या वाक्यानं थांबलं. मला ठाऊक आहे की तसं नाही.

तू निघालीस तेव्हा ते दारापर्यंत आले, फाटकापर्यंत आले, रस्त्यापर्यंत गेले. परत आल्यावर जेवले नाहीत. मी त्याच्या आदल्या महिन्यात तापानं फणफणले होते तेव्हा ते नीट दोन भाकरी खाऊन कामावर गेले होते. मी ते ताट उचललं आणि ठरवलं.

मी एकटी कधी शहरात जात नाही, तुला माहीत आहे. बुधवारी गेले. सात रस्त्याला रिक्षातून उतरले तर कुठल्या बाजूनं कुठं जायचं तेच कळेना. तुझ्या ऑफिसखाली उभी राहिले. वर यायचा धीर नव्हता. तू जेवणाच्या सुट्टीत खाली आलीस, मला बघून आधी घाबरलीस. "काय झालं? दाजी बरे हायत ना?" पहिलं तेच विचारलंस. तोपर्यंत मी परत फिरले असते. त्यानंतर नाही.

मी म्हणाले, "रविवारी येत जाऊ नको. लोक बोलायला लागलेत."

"कोण लोक?"

मला एकही नाव सुचलं नाही. कुणीच काही बोललं नव्हतं, सुवर्णा. आमच्या आळीत सगळ्यांना तू आवडायचीस.

"सांग की अक्का, कोण?"

मी खाली बघत राहिले. मग म्हणालीस, "साकू, अक्का. समजलं." साकू म्हणजे पुरे झालं. कन्नड तू फक्त माझ्याशी बोलायचीस, तेही लहान असताना, रडू आलं की.

आणि मग तू माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिलास. मला त्या गाड्यांची भीती वाटते म्हणून. रिक्षावाल्याला सांगितलंस, "अक्काला कुंभारीला सोडा, मधी उतरवू नका." ज्या बाईनं तुला आत्ताच घर बंद केलं, तिचा हात तुझ्या हातात होता आणि तो हात गरम होता, एवढंच मला घरापर्यंत आठवत राहिलं.

पंधरा दिवसांनी तू मला फोन केलास. "अक्का, गेम तेवढा कुणाबरोबर तरी पाठव. सेल मरायच्या आधी घर उतरवून घेते कार्डावर." मी म्हणाले पाठवते. कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि पाठवला नाही. का ते विचारू नकोस. तू तिकडं सुखानं खेळत बसली असतीस ते मला नको होतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी शोधून बघितलं, सापडलं नाही.

ह्यांनी तुला दोन वेळा फोन केला. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. तू म्हणालीस, काम लई हाय, दाजी. बस. एका शब्दानं तू माझं नाव घेतलं असतंस तर माझी काय अवस्था झाली असती. तू घेतलं नाहीस. याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि याचाही मला त्रास होतो. तुझ्या जागी मी असते तर सांगितलं असतं. मोठी मी आणि मोठेपण तुझ्याकडं, हे कसं सोसायचं?

मग तुझा ताप. चार दिवस. मी दवाखान्यात आले तेव्हा तू डोळे उघडले नाहीस.

मंद्रूपला तुला आपल्या रीतीप्रमाणं बसवून मातीत दिलं. तळहातात लिंग, कपाळावर विभूती, मांडीवर बेलाची पानं. माणसं मूठमूठ माती टाकत होती. तुझे दाजी उजवा हात खिशात घालून उभे होते. खिशात काय आहे ते मला कळलं. कपाटातल्या साड्या सकाळी हललेल्या दिसल्या होत्या. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ठेवू का तिच्याजवळ?"

मी म्हणाले, "नको. लोक बघतायत."

घरी आल्यावर त्यांनी तो चालू केला. पडद्यावर रिकामं रान आलं. घर नाही, झाड नाही, गाय नाही. आतला सेल मधल्या दिवसांत कधीतरी संपला होता. ते बराच वेळ बटणं दाबत राहिले. मग म्हणाले, "इतकी रुसली. न्यायला कुणाला पाठवलंसुद्धा न्हाय." मी चुलीपुढं होते. तोंड न वळवता भाकरी उलटली.

तेव्हापासून त्यांचं हे सुरू झालं. तुला हवी होती तीच कॅसेट आणायची आणि तुझं रान पहिल्यापासून परत लावायचं. विहीरसुद्धा मागणार नव्हते म्हणे. पण आरपार कॅसेटी दोन निघाल्या, दिसायला जुळ्या बहिणी. एकीला सेल लागतो, एकीला लागत नाही, पण कुठलीला ते फोटोवरून कळत नव्हतं, आणि तुझा तो लाल ठिपका ह्यांच्या ध्यानात राहिला नव्हता. तू दाखवलेला फोटो तुझ्या मोबाइलवर होता आणि तो मोबाइल आईकडं बंद पडून आहे. "तिला सांगितलं असतं ना, बाई तुझंच खरं," असं ते जेवताना मध्येच म्हणायचे. ते बारीक झाले, सुवर्णा. पट्ट्याला नवीन भोक पाडलं. एका वाक्यानं त्यांनी तुला मारलं, असं त्यांना वाटत होतं. आणि मी बघत होते. सांगितलं तर त्यांचं ओझं उतरणार होतं आणि ते माझ्या डोक्यावर येणार होतं. माझं जे काही त्या घरात होतं तेही जाईल, याची मला भीती होती.

मागच्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं. "तुला आठवतं का गं, सुवर्णाला कुठली पायजे हुती?"

मी सोपी वाट काढली. म्हणाले, "शेवटी तिला तुमची काळीच पटली हुती. मला बोलली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सुवर्णाला? पटली? न्हाय. ती मरंस्तवर पटवून घेणारी न्हवती." मग स्वतःच्याच शब्दावर थांबले आणि पायरीवर जाऊन बसले.

बघ, खोटं बोलतानाही मी हरले. तुला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते.

परवा संध्याकाळी मात्र मी शर्ट बाजूला ठेवला, दारात जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि मोबाइलवर बोट टेकलं. "ही. कोपऱ्यात लाल ठिपका हाय ती. हिला सेल लागत न्हाय."

"नक्की?"

"नक्की. आणि ती तुमच्यावर रुसली न्हवती. मी सात रस्त्याला जाऊन तिला सांगितलं येऊ नको म्हणून. लोक बोलतात म्हटलं. कुणी बोलत न्हवतं. गेमबी तिनं मागितला हुता. मी दिला न्हाय."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "का?"

"तुमी तिच्याशी बोलायचा तसं माझ्याशी बोलत न्हाय."

एकोणीस वर्षांत मी त्यांच्यापुढं असलं वाक्य काढलं नव्हतं. ते ओरडतील, उठून जातील, मंद्रूपला जा म्हणतील, सगळ्याची तयारी करून मी बसले होते. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. परत पुसलं. मग म्हणाले, "म्हंजे ती माझ्यावर चिडली न्हवती."

"न्हाय."

"त्या बोलण्यावरनं न्हाय?"

"न्हाय म्हटलं की."

आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, गेम पहिल्यांदा चालू झाला तेव्हाचं. महिनाभरानं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते हसत होते. मी माझ्या आतलं सगळ्यात खालचं काढून त्यांच्यापुढं ठेवलं होतं, आणि ते त्याच्यावरून पाय टाकून तुझ्याकडं गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच बैठकीला त्यांनी लाल ठिपक्याची मागवली.

काल सकाळी डबा हातात घेऊन ते दारात थांबले. एक चप्पल घातलेली, एक नाही. माझ्याकडं न बघता म्हणाले, "गेम तरी द्यायचास तिला."

मी म्हणाले, "व्हय."

एवढीच शिक्षा. पण ती मला पुरून उरेल. मग दुसरी चप्पल पायात सरकवत म्हणाले, "बोलत न्हाय म्हणालीस. काय बोलू, ते सांग."

इतकी वर्षं जे मागत होते ते समोर आलं आणि मी पदराचं टोक धरून उभी. तू असतीस तर चप्पल पायात जायच्या आत चार गोष्टी काढल्या असत्यास. ते डबा घेऊन गेले.

मी दिवसभर काज करत शोधत होते. काल सुचलं नाही. आज दुपारी सुचलं. संध्याकाळी ते आले की विचारणार आहे, एवढे माग एकदम खडखडत असताना नेमका कुठला बिघडला हे तुम्हाला कसं कळतं? हे तू त्यांना मागंच विचारलं होतंस. ते तुला तासभर सांगत होते, आवाज कसा बदलतो, पायाखालची फरशी कशी वेगळी हलते. मी आतून सगळं ऐकलंय. तरी मी विचारणार आहे, आणि पहिल्यांदा ऐकल्यासारखी बसणार आहे.

मला उत्तर ठाऊक आहे, हे त्यांना सांगू नकोस.